ड जीवनसत्त्वाचे माप
(शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील भाषण)



खेड्यात औषधाच्या चिठ्ठीचा पहिला वाचक पुष्कळदा शाळेतला शिक्षकच असतो. तालुक्याच्या गावाहून आणलेली बाटली किंवा पुडी घेऊन पालक शाळेच्या पायरीशी येतो आणि "गुरुजी, हे कसं द्यायचं म्हणाले होते, जरा बघून सांगा," असे म्हणतो. अशा औषधांत अलीकडे ड जीवनसत्त्वाची पुडी वारंवार दिसू लागली आहे. तिच्या जोडीला कधी शहरात नोकरीस असलेल्या एखाद्या मामाने भाच्यासाठी पाठविलेली कॉडलिव्हर तेलाची बाटली असते. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत. मात्र त्या किती मापाने चांगल्या, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. शक्तीचे औषध आहे, थोडे जास्त गेले तर बिघडले कुठे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. कमी पडले तर हाडे वाकतात आणि अती झाले तर मूत्रपिंडे बिघडतात, असा हा पदार्थ आहे.

त्याचे मुख्य काम थोडक्यात सांगता येते. अन्नातून पोटात गेलेले कॅल्शियम, म्हणजे हाडांतला चुना, आतड्यातून रक्तात ओढून घेण्याचे काम ड जीवनसत्त्व करते. ते अपुरे असले तर ताटात चुना असूनही तो हाडांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. गवंड्याने विटा रचाव्यात आणि चुन्याने मात्र घट्ट होऊ नये, तशी वाढत्या हाडांची अवस्था होते. अंगाचा भार पडला की ती वाकतात. मराठीत या विकारास मुडदूस म्हणतात. मनगटे व घोटे रुंद होतात, पाय धनुष्याप्रमाणे बाहेर वाकतात किंवा चालताना गुडघ्यावर गुडघा आपटतो, छातीच्या दोन्ही बाजूंस बरगड्यांच्या टोकांवर मण्यांच्या माळेसारखे उंचवटे हातास लागतात. दात उशिरा येतात, मूल उशिरा चालू लागते आणि चालले तरी डुलत चालते.

सगळ्याच मुलांत कमतरता इतक्या थराला जात नाही. पुष्कळांत ती रक्त तपासल्यावाचून दिसतही नाही. भारत सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी २४ टक्के यांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. रांगत्या वयापेक्षा शाळेच्या वयात हा आकडा मोठा आहे. त्याचा दोष शाळेला देण्याचे कारण नाही. पण जे मूल दिवसाचा उजेडाचा वेळ वर्गाच्या चार भिंतींत घालवते, त्याच्याबद्दल बोलण्याचा अधिकार आणि जबाबदारी शिक्षकाकडे येते, एवढे यावरून म्हणता येईल.

माशाच्या तेलाची हकीकत जुनी आहे. उत्तर युरोपच्या थंड समुद्रात कॉड नावाचा मासा विपुल सापडतो. नॉर्वे, आइसलँड व स्कॉटलंड येथील कोळी त्याची यकृते पिंपांत भरून ठेवीत. ती कुजली म्हणजे तेल आपोआप वर तरंगे. ते तपकिरी, दुर्गंधी तेल कातडी कमावण्यास व दिव्यास वापरले जाई आणि घरातल्या दुखण्याखुपण्यावरही दिले जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या रुग्णालयात ते संधिवातावर देत असत. १८२४ मध्ये शुट्टे या जर्मन वैद्याने मुडदुसावरील त्याच्या गुणाची नोंद केली. पुढे १८५० नंतरच्या दशकात पीटर म्योलर या नॉर्वेतील औषधविक्रेत्याने ताजी यकृते वाफेवर तापवून फिकट व पुष्कळ सुसह्य वासाचे तेल काढण्याची रीत बसविली, आणि कॉडलिव्हर तेल जगभरच्या दवाखान्यांत जाऊन पोहोचले. गुण येतो हे सर्वांस दिसत होते. तो का येतो, हे आणखी सत्तर वर्षे कोणास सांगता येत नव्हते.

ते कोडे सुटले पहिल्या महायुद्धानंतर. एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या पिलांना ओटच्या लापशीवर वाढविले, त्यांना मुडदूस झाला; तेल दिले, तो हटला. १९१९ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. त्याच्या प्रयोगातील पिले बंद जागेत वाढत होती, या गोष्टीला मात्र त्या वेळी पुरेसे महत्त्व दिले गेले नाही. तेलात तेव्हा माहीत असलेले 'अ' जीवनसत्त्व होतेच, म्हणून श्रेय त्यालाच जाऊ लागले. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅक्कॉलम व त्याच्या सहकाऱ्यांनी तेल तापवून त्यातून हवा सोडली आणि 'अ' नष्ट केले. अशा तेलाने डोळ्यांचा विकार बरा होईना, मुडदूस मात्र पूर्वीप्रमाणेच बरा होई. तेव्हा तेलात दुसरे काहीतरी आहे हे सिद्ध झाले. अ, ब, क ही अक्षरे आधीच खर्ची पडली होती. नव्या पदार्थास 'ड' मिळाले. एकाच तेलात अ आणि ड ही दोन जीवनसत्त्वे एकत्र असतात, ही गोष्ट येथेच ध्यानात धरावी. पुढच्या हिशेबात तिचे काम पडणार आहे.

हे संशोधन चालू असतानाच दुसऱ्या बाजूने सूर्यप्रकाशाचा धागा हाती येत होता. जपानमध्ये दहा वर्षे राहिलेल्या थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टरने १८९० मध्येच लिहून ठेवले होते की, मुडदूस गरिबीच्या मागे जात नाही, तो अंधाराच्या मागे जातो. उन्हाच्या देशांतील दरिद्री मुलांची हाडे सरळ असतात आणि धुराने झाकलेल्या इंग्रजी शहरांतील मुलांची वाकतात. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्कीने पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला. एका हातावर किरण सोडले असता दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले, तेव्हा कातडीत काहीतरी तयार होऊन ते रक्तावाटे सर्वत्र जाते हे स्पष्ट झाले. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या हेस व उंगर यांनी साध्या उन्हाने तेच साधले. तेलातून मिळणारे आणि उन्हाने कातडीत तयार होणारे द्रव्य अखेर एकच ठरले.

याच सुमारास आपल्या नाशिक शहरात एक मोलाची पाहणी झाली, आणि महाराष्ट्रातील शिक्षकांस ती माहीत असावयास हवी. हचिसन या मिशनरी डॉक्टरने १९२१ मध्ये पटेल यांच्यासमवेत आणि १९२२ मध्ये शहा यांच्यासमवेत नाशिकातील मुडदुसाच्या कारणांविषयी लेख प्रसिद्ध केले. सर्वसाधारण तर्क असा की, ज्या घरी दूधतूप कमी त्या घरची मुले अशक्त हाडांची निघावीत. नाशिकात चित्र उलटे दिसले. ज्या सुस्थित हिंदू व मुसलमान घरांत स्त्रिया पडद्यात राहत, तान्ही मुले आतल्या काळोख्या खोल्यांत ठेवली जात आणि मुली वयात येऊ लागल्या की घराबाहेर पडत नसत, तेथे मुडदूस सापडला. ज्यांच्या आया पोर पाठीशी बांधून कामावर जात, त्या गरीब वस्तीत तो क्वचितच होता. आणि तेथले अन्न तर निश्चितच हलके होते. वाड्यातील मुलाला दूध मिळे पण ऊन मिळत नसे. मजुराच्या मुलाचे नेमके याच्या उलट होते. नाशिकचे उदाहरण पुढे परदेशांतील ग्रंथांतही दिले जाऊ लागले. ज्या जिल्ह्यातील ते आहे तेथल्या वर्गांत मात्र ते क्वचितच सांगितले जाते.

सुमारे नव्वद वर्षांनी, २०१० मध्ये, पुण्यातील झोपडपट्टीतल्या लहान मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. जी मुले दिवसभर पाळणाघराच्या आत ठेवली जात त्यांची स्थिती, उघड्यावर खेळू दिलेल्या मुलांच्या मानाने वाईट आढळली. काळोखी खोली आता वाड्यातच असते असे नाही. कामावर जाणाऱ्या आईने काळजीपोटी कडी लावलेले घर, मुलगी काळवंडेल म्हणून तिला उन्हात न सोडणारे घर, हातात यंत्र देऊन मूल जागेवर बसविणारे घर, ही सर्व त्याच जातीची.

यावरून तेलाची व औषधाची गरज संपली असा अर्थ कोणी काढू नये. तान्ह्या बाळाला उन्हात ठेवण्यास मर्यादा आहेत आणि आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फारच थोडे असते. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षी रोज ४०० एकक ड जीवनसत्त्व थेंबांवाटे देण्यास सांगते. आजारी, अपंग व अंथरुणास खिळलेल्या मुलांना, पावसाळ्याचे चार महिने ढगांखाली काढणाऱ्यांना, सर्वांग झाकून वावरणाऱ्या मुलींना उन्हाचा भरवसा अपुरा पडू शकतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९६० नंतरच्या वर्षांत भारत व पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांतील मुलांत मुडदूस मोठ्या प्रमाणात दिसू लागला, कारण तेथील हिवाळ्याचे ऊन या कामी निरुपयोगी असते. १९७९ पासून तेथे ड जीवनसत्त्व फुकट वाटण्याची मोहीम झाली आणि रुग्णालयात येणाऱ्या मुडदुसाच्या मुलांची संख्या उतरली. जेथे ऊन पुरत नाही तेथे बाटली पुरते. मात्र तिचे माप कळले पाहिजे, आणि आता त्या मापाकडे वळावयाचे आहे.

ड जीवनसत्त्व मोजण्याची दोन मापे आहेत. एक मायक्रोग्रॅम, दुसरे आंतरराष्ट्रीय एकक. बाटलीवर ते 'आय. यू.' या अक्षरांनी छापलेले असते. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० एकक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकाप्रमाणे बाळाला दिवसास ४०० एकक व मोठ्या मुलास ६०० एकक, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम, ही शिफारस आहे. एका डब्यावर १५ लिहिले असेल आणि दुसऱ्यावर ६०० तर दुसऱ्यात चाळीसपट औषध आहे असे नाही. दोन्हींत सारखेच आहे. पाचवीच्या वर्गाला हे उदाहरण फळ्यावर घालून द्यावे. नफातोट्याच्या उदाहरणापेक्षा ते त्यांच्या घरी अधिक लौकर उपयोगी पडेल.

आता कॉडलिव्हर तेलाचा हिशेब. सर्वसाधारण तेलाच्या एका लहान चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ड जीवनसत्त्व सुमारे ४०० ते ४५० एकक असते. सहाशेसाठी दीड चमचा लागेल असे गणित सांगते. पण त्याच एका चमच्यात अ जीवनसत्त्व सुमारे १,२०० ते १,३५० मायक्रोग्रॅम असते, आणि तयार स्वरूपातील अ जीवनसत्त्वाची सुरक्षित मर्यादा ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी दिवसास ९०० मायक्रोग्रॅम, तर १ ते ३ वर्षांच्या मुलासाठी अवघी ६०० धरली जाते. म्हणजे ड पुरे होण्याआधीच अ मर्यादेबाहेर जाते. दीड चमच्यात तर ते पहिलीतल्या मुलाच्या मर्यादेच्या दुपटीस पोहोचते. म्हणून ड कमी आहे असे कळले की तेलाचा चमचा वाढवावयाचा, हा उपाय चुकीचा आहे. रोज अर्धा चमचा तेल, आणि उरलेले ड ऊन, अन्न किंवा निव्वळ ड असलेले औषध यांतून, हा हिशेब बसतो. काही कारखानदार हल्ली तेलातील अ काढून घेतात, काही ड वरून मिसळतात. त्यामुळे वर सांगितलेले आकडे प्रत्येक बाटलीस लागू पडतीलच असे नाही. बाटलीवरचा कागद वाचणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

अंगणवाडीत ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना दर सहा महिन्यांनी जे गोड औषध पाजले जाते ते अ जीवनसत्त्वाचे असते, ड जीवनसत्त्वाचे नव्हे. पालक दोहोंत नेहमी गल्लत करतात. ते औषध घेतलेल्या मुलाला ड मिळाले असे समजू नये. आणि घरी कॉडलिव्हर तेल चालू असेल तर ते आरोग्यसेविकेस आवर्जून सांगावे. गरोदर स्त्रीने तर कॉडलिव्हर तेल घेऊच नये, कारण तयार अ जीवनसत्त्व अधिक गेल्यास गर्भास इजा होण्याचा संभव असतो. तिला ड हवे असेल तर ते निव्वळ स्वरूपात आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्यावे.

'माशाचे तेल' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, हेही लक्षात असावे. कॉडच्या यकृताचे तेल ही पहिली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी तेल येणे बंद पडले, तेव्हा आपल्या देशात मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचे तेल काढण्याचे काम सुरू झाले. ती दुसरी. त्यात अ भरपूर असते, ड मात्र कॉडच्या मानाने पुष्कळच कमी. रातांधळेपणावर त्याचा चांगला उपयोग झाला; मुडदुसावर त्याचा भरवसा धरता येत नाही. तिसरी वस्तू म्हणजे माशाच्या मांसातून काढलेल्या तेलाच्या सोनेरी गोळ्या. हृदयासाठी म्हणून त्या शहरांत घेतल्या जातात. वेगळे मिसळले नसेल तर त्यांत ड जवळजवळ नसतेच. मामाने प्रेमाने पाठविलेला डबा यांपैकी कोणता, हे वाचून सांगावे.

शाकाहारी घरांत माशाचे तेल चालणार नाही, आणि त्यासाठी कोणास आग्रह करण्याचे कारणही नाही. ड जीवनसत्त्वाची औषधे दोन प्रकारची असतात. ड-२ हे यीस्टसारख्या बुरशीवर्गातील पदार्थावर अतिनील किरण सोडून तयार करतात. ड-३ हे बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणचट अंशापासून केलेले असते. कोणते घ्यावे हे ज्याने त्याने ठरवावे. रोजच्या अन्नात अंड्याचा पिवळा बलक, बांगडा व तारली यांत थोडे ड असते; साध्या दुधात ते नगण्य असते. २०१८ पासूनच्या सरकारी नियमांप्रमाणे ज्या दुधाच्या व खाद्यतेलाच्या पिशवीवर अधिक चिन्ह व 'एफ' अक्षर अशी निळी खूण असते त्यांत अ आणि ड मिसळलेले असते. अशा दुधाच्या एका लिटरमध्ये ड २०० ते ३०० एकक असावयाचे. पेलाभर दुधाने गरज भागत नाही हे यावरून कळेल.

आता पुडीविषयी. हल्ली डॉक्टर जी पुडी किंवा गोळी लिहून देतात ती बहुधा ६०,००० एककांची असते आणि आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. साठ हजारांस सहाशेने भागावे. उत्तर शंभर येते. एक पुडी म्हणजे शंभर दिवसांची गरज. डॉक्टरांनी 'आठवड्याला एक' असे तोंडी सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत 'रोज एक' झाले, तर दहा दिवसांत त्या मुलाच्या पोटात हजार दिवसांचे, म्हणजे पावणेतीन वर्षांचे, औषध जाते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जाणाऱ्यांपैकी नाही. ते अंगातील चरबीत साठते आणि औषध थांबविल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहते. रक्तात चुना वाढतो. भूक जाते, उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतो, तहान व लघवी फार वाढते, मूल मलूल पडते. पुढे मूत्रपिंडात चुना बसतो. अशा मुलाला घरचे लोक अशक्त समजून आणखी शक्तीचे औषध पाजण्याचा संभव असतो, आणि तो अनर्थ फार मोठा.

ब्रिटनने हा धडा सबंध देशाच्या पातळीवर घेतला आहे. महायुद्धाच्या काळात तेथील सरकारने पाच वर्षांखालील मुलांसाठी कॉडलिव्हर तेल व संत्र्याचा रस देण्याची योजना सुरू केली. रस लोकांनी आवडीने नेला. तेलास मुले तोंड वाकडे करीत. युद्ध संपल्यावर दुधाच्या भुकटीत ड, बाळाच्या पिठांत ड आणि वर चमचाभर तेल, असे तिन्हीकडून चालू राहिले. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी योग्य होती, पण त्यांची बेरीज कोणी करीत नव्हते. १९५० नंतरच्या वर्षांत तान्ह्या मुलांच्या रक्तात चुना वाढल्याचे प्रकार दिसू लागले, तेव्हा बेरीज केली गेली. आणि १९५७ मध्ये ही प्रमाणे खाली आणण्यात आली. आज एका घरात डॉक्टरांची पुडी, जाहिरातीतली दुधात घालावयाची पूड आणि मामाची बाटली अशा तिन्ही वस्तू एकाच मुलाच्या वाट्यास येऊ शकतात. शिक्षकाने पालकास विचारावयाचा प्रश्न एकच : आणखी काय काय देता?

थेंबांच्या बाटलीसंबंधी एवढेच सांगावयाचे की, एका औषधात मिलिलिटरला ४०० एकक असतात, दुसऱ्यात ८००. म्हणून एका बाटलीची नळी दुसरीस वापरू नये. आणि तेल कोणतेही असो, रडत्या मुलाचे नाक दाबून ते पाजू नये, नाकात तर मुळीच सोडू नये. तेलाचा थेंब श्वासनलिकेत गेला म्हणजे खोकल्याची उबळही पुरेशी येत नाही, आणि ते फुफ्फुसात उतरून दीर्घकाळ टिकणारी सूज आणते. तेल जेवणाबरोबर द्यावे, बाटली उजेडापासून दूर ठेवावी. खवट झालेले तेल टाकून द्यावे.

उन्हाचे मापही काढता येते, आणि त्यास पैसा लागत नाही. कोवळे ऊन अंगास चांगले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते सुखद असते यात शंका नाही. परंतु ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण तिरप्या उन्हात वातावरणातच अडकून राहतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. आवारात हातभर काठी उभी रोवावी. तिची सावली काठीपेक्षा लांब असेल तर ते ऊन या कामी फारसे उपयोगी नाही. सावली काठीपेक्षा आखूड झाली की उपयोगी. महाराष्ट्रात मे महिन्यात ही वेळ सकाळी साडेनवाच्या आतच येते, मार्चमध्ये दहाच्या आसपास. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे साधारण साडेअकरा ते दीड एवढाच अवकाश मिळतो, आणि विदर्भ-खानदेशच्या उत्तर टोकास त्याहूनही थोडा. तिसरी-चौथीच्या मुलांनी वर्षभर दर महिन्यास ही सावली मोजून तक्ता केला तर भूगोलाचा एक पाठ आणि आरोग्याचा एक पाठ एकदमच होतो.

यावरून वेळापत्रकाचा प्रश्न निघतो. प्रार्थना उन्हात उभे राहून होते म्हणून मुलांना ऊन मिळाले, असे धरता येत नाही. त्या वेळी सावली लांब असते. हिवाळ्यात दुपारच्या सुट्टीत मुलांनी व्हरांड्यात कोंडाळे करून बसण्याऐवजी अर्धा तास मैदानावर खेळावे. उन्हाळ्यातील सकाळच्या शाळेत साडेनवाच्या सुमाराची दहा-पंधरा मिनिटे पुरेत. त्यानंतर एप्रिल-मेच्या उन्हात मुलांना उभे करणे हा क्रूरपणा होईल. हात, पाय उघडे असावेत. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा अधिक वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन मात्र कुचकामी, कारण काच हेच किरण अडविते. मुली मैदानावर उतरतात की पायरीवर बसून राहतात, याकडे शिक्षिकांनी विशेष लक्ष द्यावे. सातवीतल्या मुलीला कोणी खेळू नको म्हणत नाही, तिला फक्त कोणी बोलावीत नाही.

ड जीवनसत्त्व चुना ओढून घेते. पण ओढावयास चुना तर हवा. आपल्याकडे उन्हात राबणाऱ्या घरांतही जो मुडदूस दिसतो त्याचे कारण पुष्कळदा अन्नातील चुन्याची उणीव हे असते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. दूध, ताक, तीळ, राजगिरा व हाडांसकट खाल्ली जाणारी लहान मासळी हे त्याचे इतर साठे. ज्या घरची नाचणी मागे पडून निव्वळ पांढरा तांदूळ उरला, तेथे केवळ पुडीने भागणार नाही.

राहिला प्रश्न ओळखण्याचा. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाचे पाय थोडे बाहेर वाकलेले असणे आणि तीन ते पाच वर्षांत गुडघे थोडे आत वळणे, हे बहुधा वाढीचेच अंग असते; सात वर्षांच्या सुमारास पाय सरळ होतात. म्हणून पहिली-दुसरीनंतरही वाक उरला, वाढत गेला किंवा एकाच पायात असला, तर ती गोष्ट डॉक्टरांकडे जावयास हवी. रांगेत उभे असता जे मूल घोटे जुळवू शकते पण गुडघे जुळवू शकत नाही, किंवा गुडघे जुळवते पण घोटे दूर राहतात, ते कवायतीच्या तासास सहज नजरेस येते. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत, जेथे विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे, तेथे दातांवर तपकिरी डाग आणि वाकलेले पाय एकत्र दिसले तर मूल कोणत्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिते तेही कळवावे. तेथे इलाजाची सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या विकारांच्या यादीत ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूसही आहे. तपासणीचे पथक शाळेत येते तेव्हा दीडशे मुले आणि हातात थोडा वेळ, अशी त्यांची स्थिती असते. शिक्षकाने अशा मुलांची नावे आधी काढून ठेवली तर त्यांच्याकडे पथकाचे लक्ष निश्चित जाते. पथक येण्यास अवकाश असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी द्यावी. तीत औषध सुचवू नये. मुलाचे वय, वाक केव्हापासून दिसतो, मूल दिवसा कोठे असते, खाण्यात नाचणी-दूध आहे की नाही, एवढे लिहावे. आणि घरी आजवर कोणते तेल, कोणती पुडी, किती दिवस दिली ते पालकांना नीट विचारून नोंदवावे. रिकामी पुडी किंवा बाटलीवरचा कागद सापडला तर तो चिठ्ठीस टाचून पाठवावा.